सिकलसेलचा एकच जीन धरा आणि स्ट्रक्चर, एक्स्प्रेशन, एडिटिंग तिन्ही एकत्र शिका: लॅपटॉपवर, पायरी पायरीने

बीएससी-एमएससीला प्रोटीन स्ट्रक्चर एका सेमिस्टरला येतं, जीन एक्स्प्रेशन दुसऱ्या, आणि क्रिस्पर, म्हणजे जीन ठरवलेल्या जागी कापून एडिट करायचं तंत्र, अगदी शेवटी घाईघाईत उरकतात, त्यामुळे बहुतेक मुलांच्या डोक्यात हे तीन वेगळे विषय म्हणूनच बसतात आणि व्हायव्हाला एकमेकांशी जोडायला सांगितलं की गाडी अडते. माझं स्पष्ट मत आहे की हे तिन्ही एकाच जीनवर शिकावेत. जीन निवडायचा एचबीबी, म्हणजे हिमोग्लोबिनची बीटा साखळी बनवणारा, ज्यातलं एक अक्षर बदललं की सिकलसेल होतो.

हाच का, तर पहिलं कारण म्हणजे हा आजार आपल्या घरातला आहे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार इकडे 'एएस पॅटर्न' (वाहक) आणि 'एसएस पॅटर्न' (आजारी) हे शब्द आशाताईंपासून शाळेतल्या सरांपर्यंत सगळ्यांना माहीत असतात. दुसरं म्हणजे १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, त्यामुळे तपासण्या वाढल्यात आणि रिपोर्ट हातात घेऊन 'हे नेमकं काय आहे' विचारणारे लोकही वाढलेत. आणि तिसरं, जगात क्रिस्परवर आधारलेलं जे पहिलं औषध मंजूर झालं ते याच आजारासाठी. त्या औषधाची गंमत अशी की ते बिघडलेल्या अक्षराला हातच लावत नाही. असं का, ते सातव्या पायरीपर्यंत आलात की आपोआप कळेल.

लागेल काय तर लॅपटॉप, बरं नेट आणि एक वही. सगळ्या साइट फुकट आहेत, काही इन्स्टॉल करायचं नाही. मोबाइलवर स्ट्रक्चर फिरवता येतं पण सिक्वेन्स मोजताना जीव मेटाकुटीला येतो, तेव्हा कॉलेजची कॉम्प्युटर लॅब मिळाली तर उत्तम.

पायरी १: जीन उघडा आणि ती जागा स्वतः बोटाने मोजा

एनसीबीआय या जीनच्या माहितीच्या भांडाराच्या साइटवर जा, सर्चच्या शेजारच्या यादीत 'जीन' निवडा, एचबीबी टाका आणि माणसाचा रिझल्ट उघडा. क्रोमोसोम ११, तीन एक्झॉन (एमआरएनएत राहणारे तुकडे), दोन इंट्रॉन (मधले, कापून टाकले जाणारे), सगळं मिळून जेमतेम सोळाशे बेस. एवढा छोटा जीन शिकायला मिळणं हे भाग्यच म्हणायचं, कारण काही जीन लाखो बेसचे असतात.

आता खाली एमआरएनएचा रेकॉर्ड आहे, एनएम_०००५१८ नावाचा, तो उघडा आणि 'सीडीएस' या शब्दावर क्लिक करा म्हणजे प्रोटीनचा कोड जिथून सुरू होतो तो भाग रंगून दिसेल. तिथून पहिले आठ कोडॉन, म्हणजे तीन-तीन अक्षरांचे गट, वहीत लिहा: एटीजी, जीटीजी, सीएटी, सीटीजी, एसीटी, सीसीटी, जीएजी, जीएजी. त्यांच्याखाली अमिनो अ‍ॅसिड लिहा: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक अ‍ॅसिड, ग्लुटामिक अ‍ॅसिड. सातवा कोडॉन जीएजी, त्यातलं मधलं ए हे सुरुवातीपासून विसावं अक्षर. सिकलसेलमध्ये तिथे टी येतं, जीएजीचं जीटीजी होतं आणि ग्लुटामिक अ‍ॅसिडच्या जागी व्हॅलिन बसतं. कॉपी-पेस्ट करू नका, हाताने लिहा, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या याच ओळीवर उभ्या आहेत.

इथे दोन ठिकाणी मुलं हमखास अडकतात. एक म्हणजे पुस्तकात 'सहाव्या जागी' लिहिलेलं असतं आणि आपण मोजलं तर सातवं येतं. दोन्ही बरोबर आहे, पहिलं मेथिओनिन प्रोटीन तयार होतानाच कापलं जातं, जुन्या पद्धतीत ते मोजत नाहीत आणि नव्या जेनेटिक रिपोर्टमध्ये मोजतात. म्हणून रिपोर्टवर सातवा क्रमांक दिसला तर तो वेगळा आजार नव्हे. दुसरं असं की हा जीन क्रोमोसोमच्या उलट्या स्ट्रँडवर आहे, त्यामुळे जीनोम ब्राउझरमध्ये तो उजवीकडून डावीकडे वाचावा लागतो आणि याच बदलाची आरएस३३४ नावाची नोंद उघडलीत तर तिथे ए चं टी नाही, टी चं ए दिसतं. घाबरू नका, समोरच्या स्ट्रँडवरून तेच अक्षर बघताय.

पायरी २: एका एन्झाइमने हा बदल पकडा

ही पायरी छोटी आहे पण वगळू नका. डीडीई-वन नावाचं रिस्ट्रिक्शन एन्झाइम आहे, ते सी, टी, मग कुठलंही एक अक्षर, मग ए, जी असा पाच अक्षरांचा तुकडा दिसला की कापतं. आता वहीतली ओळ बघा, सीसीटी-जीएजी, त्यात सीटीजीएजी आहे की नाही? आहे. म्हणजे नॉर्मल जीन इथे कापला जातो. ए च्या जागी टी आलं की तो तुकडा सीटीजीटीजी होतो आणि एन्झाइम त्याला ओळखत नाही. म्हणून पीसीआरने त्या भागाच्या भरपूर प्रती करून या एन्झाइमने कापलं तर एए, म्हणजे नॉर्मल माणसात छोटे तुकडे, एसएसमध्ये न कापलेला लांब तुकडा आणि एएसमध्ये दोन्ही दिसतात. नेबकटर नावाच्या साइटवर दोन्ही सिक्वेन्स पेस्ट करून स्वतः बघा. कॉलेजात खऱ्या रक्तावर करायचं असेल तर एथिक्स कमिटीची परवानगी आणि संमतीपत्र हवंच, वर्गातल्या मुलांचं रक्त घेऊन 'बघू कोण वाहक निघतंय' असले प्रकार अजिबात नकोत. ती माहिती त्या मुलाची आणि त्याच्या घरच्यांची आहे, लग्नापर्यंत तिचे परिणाम जातात.

(गावपातळीवर ही पद्धत वापरत नाहीत, तिथे आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते आणि पॉझिटिव्ह आलं की एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या तपासण्यांनी पक्कं करतात.)

पायरी ३: एका अमिनो अ‍ॅसिडने काय बिघडलं ते डोळ्यांनी बघा

लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं की सिकलसेलच्या रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या वेगाने सरकतं, म्हणजे आजार रेणूत आहे. मग काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रॅमनी प्रोटीनचे तुकडे करून नेमकं कुठलं अमिनो अ‍ॅसिड बदललंय ते शोधलं. त्या लोकांना जे कागदावरच्या डागांवरून ताडावं लागलं ते आपण आज माउसने फिरवून बघू शकतो, आणि खरं सांगतो, ही सोय असताना नुसती आकृती पाठ करून परीक्षा देणं हे मला फार वाईट वाटतं.

पीडीबी, म्हणजे प्रोटीन स्ट्रक्चरच्या डेटाबँकेच्या साइटवर जा आणि आधी १ए३एन टाका. हे नॉर्मल हिमोग्लोबिन आहे, ऑक्सिजन नसलेल्या अवस्थेतलं. दोन अल्फा, दोन बीटा, अशा चार साखळ्या, प्रत्येकीत एक हीम आणि हीमच्या मधोमध लोखंड. थोडा वेळ नुसतं फिरवा, हेलिक्स ओळखा, बीटा साखळीचं सहावं अमिनो अ‍ॅसिड शोधा. ते बाहेरच्या अंगाला आहे, आत हीमच्या जवळ नाही. ही बाब लक्षात ठेवा: हा बदल ऑक्सिजन धरायच्या जागेवर झालेलाच नाही.

आता २एचबीएस उघडा, हे सिकल हिमोग्लोबिन. 'स्ट्रक्चर' टॅबमध्ये मोलस्टार नावाचा व्ह्यूअर उघडतो. आपल्याला शेजारी शेजारी दोन हिमोग्लोबिन हवेत, म्हणजे एकूण आठ साखळ्या. एकच दिसत असेल तर उजवीकडच्या पॅनेलमध्ये 'असेंब्ली' निवडलेलं असेल, तिथे 'मॉडेल' करा. वरच्या सिक्वेन्सच्या पट्टीत बी, डी, एफ, एच या बीटा साखळ्या आहेत, एकेक निवडून तिच्या सहाव्या जागेवरच्या व्हॅलिनवर क्लिक करत जा. पीडीबीत जुनं मोजमाप आहे, म्हणून इथे सहावंच. क्लिक केल्यावर व्ह्यूअर जवळ जातो आणि आजूबाजूची अमिनो अ‍ॅसिड काड्यांसारखी दाखवतो. काही व्हॅलिन मोकळी दिसतील, पण एक व्हॅलिन असं सापडेल की ते शेजारच्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत घुसलंय आणि त्याच्याभोवती ८५ क्रमांकाचं फिनाइलअ‍ॅलनिन आणि ८८ क्रमांकाचं ल्युसिन आहे. टिचबटणाचा उंचवटा खाचेत बसावा तसं ते बसलेलं असतं.

आता विचार करा. ग्लुटामिक अ‍ॅसिडवर ऋण भार असतो, ते पाण्यात खूष असतं, तेलकट खाचेत जाणार नाही. व्हॅलिन तेलकट, त्याला पाणी नको, खाच मिळाली की बसलंच. एक दुसऱ्याला चिकटलं, दुसरं तिसऱ्याला, असे लांबच लांब धागे तयार होतात आणि लाल पेशी आतून ताणली जाऊन विळ्यासारखी वाकडी होते. आणि ती खाच ऑक्सिजन सोडलेल्या आकारातच नीट उघडी पडते. म्हणून डॉक्टर सांगतात की पाणी भरपूर प्या, थंडीत जपा, ताप अंगावर काढू नका, फार उंचावर जाताना विचारा. या सगळ्या सूचनांचं मूळ तुमच्या स्क्रीनवरच्या त्या एका खाचेत आहे.

पायरी ४: अल्फाफोल्ड, पण बेताने

२०२४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळाल्यापासून जो तो विचारतो की अल्फाफोल्डवर, म्हणजे सिक्वेन्सवरून प्रोटीनच्या घडीचा अंदाज बांधणाऱ्या एआयवर, का नाही बघायचं. बघा की. डेटाबेसमध्ये पी६८८७१ हा युनिप्रॉट नंबर टाका, बीटा ग्लोबिनचं मॉडेल येईल, जवळपास सगळं गडद निळं, म्हणजे खात्री ९० च्या वर. पण ती एकटी साखळी आहे, शेजारचं हिमोग्लोबिन तिथे नाहीच, मग चिकटणं दिसणार कुठून? शिवाय एक अमिनो अ‍ॅसिड बदलून मॉडेल काढलं तरी घडी जवळपास तशीच येते, आणि सिकलमध्ये घडी बिघडलेलीही नसते, बिघडतं ते शेजाऱ्याशी वागणं. ज्या प्रोटीनचं प्रयोगाने काढलेलं स्ट्रक्चर पीडीबीत आहे तिथे आधी ते बघा, नसेल तिथे अल्फाफोल्ड.

पायरी ५: जीन कुठे चालू, कुठे बंद, आणि कधी

तुमच्या कातडीच्या पेशीतही एचबीबी आहे, मेंदूच्याही. पण तिथे तो बंद. हे बघायला जीटेक्स पोर्टलवर एचबीबी टाका, वेगवेगळ्या अवयवांत किती आरएनए सापडला त्याचा आलेख येतो. रक्ताचा खांब सगळ्यांच्या वर. आता बारकाईने बघा, फुप्फुस वगैरे ठिकाणीही थोडा दिसेल, म्हणून 'फुप्फुसात हिमोग्लोबिन बनतं' असं लिहून मोकळे होऊ नका, त्या तुकड्यात रक्त राहिलेलं असतं त्याचा तो आरएनए. एक्स्प्रेशनचा डेटा वाचताना नमुना कशाचा होता हे आधी विचारायची सवय इथेच लावून घ्या.

खरी मजा पुढे आहे. जीनोम ब्राउझरमध्ये एचबीबीच्या आजूबाजूचा सत्तर-ऐंशी हजार बेसचा भाग उघडा. तिथे भावंडं रांगेत उभी आहेत: एचबीई१, एचबीजी२, एचबीजी१, एचबीडी आणि शेवटी एचबीबी. हा क्रम म्हणजेच वयाचा क्रम. गर्भाच्या पहिल्या आठवड्यांत एप्सिलॉन, मग पोटात असेपर्यंत मुख्यतः दोन्ही गॅमा, आणि जन्माच्या आसपास गॅमा मंदावून बीटाचा जोर. रांगेच्या आधी लोकस कंट्रोल रीजन नावाचा भाग आहे, डीएनए वळून तो ज्या जीनजवळ येतो त्याला जोर मिळतो.

म्हणूनच एसएस बाळ जन्मतः ठणठणीत असतं आणि पहिले काही महिने सरले की हातापायांना सूज, रडारड, इन्फेक्शन सुरू होतं, कारण तोवर गॅमाचं हिमोग्लोबिन, म्हणजे एचबीएफ, अंगात होतं. गॅमा साखळी त्या धाग्यांत बसतच नाही, उलट धागा वाढू देत नाही. ज्यांच्यात मोठेपणीही एचबीएफ जास्त राहतं त्यांना त्रास कमी होतो. हायड्रॉक्सियुरियाची गोळीही बऱ्याच अंशी एचबीएफ वाढवूनच काम करते.

मग प्रश्न एकच, गॅमाला बंद कोण करतं? उत्तर २००८ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटाने दिलं, बीसीएल११ए. हा जीन क्रोमोसोम २ वर आहे, म्हणजे अगदी दुसरीकडे. त्याचं प्रोटीन गॅमाच्या प्रमोटरवर, म्हणजे जीनच्या सुरुवातीच्या चालू-बंदच्या भागात, टीजीएसीसीए या सहा अक्षरांवर बसतं आणि गॅमा बंद पडतो. म्हणजे बीसीएल११ए काढून टाकला की झालं? नाही, कारण तो बी पेशी, रक्ताच्या मूळ पेशी आणि मेंदूलाही लागतो. पण त्याच्याच दुसऱ्या इंट्रॉनमध्ये एक एन्हान्सर, म्हणजे जीनचा जोर वाढवणारा डीएनएचा तुकडा, सापडला जो लाल पेशींच्या वंशातच काम करतो. तेवढाच मोडला तर फक्त लाल पेशींत बीसीएल११ए कमी होईल आणि बाकी शरीराला कळणारही नाही. मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सर्वात सुंदर कल्पना हीच.

पायरी ६: गाइड स्वतः शोधा

कॅस९ म्हणजे क्रिस्परमधलं कापणारं प्रोटीन आणि गाइड म्हणजे त्याला जागा दाखवणारा आरएनए. कॅस९ ला दोन गोष्टी लागतात, गाइडशी जुळणारा २० अक्षरांचा भाग आणि त्याच्या लगेच पुढे पॅम, म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि मग जीजी. त्या एन्हान्सरमधली ही ओळ वहीत लिहा: सीटीएएसीएजीटीटीजीसीटीटीटीटीएटीसीएसी, आणि पुढे एजीजी. मोजा, वीस आणि तीन. कॅस९ पॅमच्या आधी तीन अक्षरं सोडून कापतं, म्हणजे शेवटचं सीएसी सोडा आणि तिथे रेघ मारा. आता रेघेच्या दोन्ही बाजू मिळून वाचा, टीटीएटी-सीए. उलट स्ट्रँडवर हेच टीजीएटीएए होतं, आणि ही जीएटीए१ या प्रोटीनची बसायची जागा आहे, जे लाल पेशींत हा एन्हान्सर चालू ठेवतं. काप बरोब्बर तिच्या मधोमध पडला! पेशी ते टोक घाईत जोडते, दोन-चार अक्षरं गळतात किंवा वाढतात, आणि जीएटीए१ ला बसायला जागा उरत नाही. हीच ओळ कॅसजेव्ही या उपचारात, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या पहिल्या क्रिस्पर औषधात वापरतात.

आता क्रिस्पॉर साइट उघडा, जीनोम म्हणून माणसाचा एचजी३८ निवडा, पॅम एनजीजी ठेवा आणि तुमची ओळ आजूबाजूच्या शंभरेक अक्षरांसकट पेस्ट करा. प्रत्येक गाइडपुढे स्पेसिफिसिटीचा स्कोअर येईल, शंभरपैकी, आणि शून्य ते चार चुका (न जुळणारी अक्षरं) धरून जीनोममध्ये अजून कुठे कुठे बसेल त्याचे आकडे. स्कोअर ५० च्या खाली असेल तर शक्यतो नको, आणि शून्य किंवा एक चुकीवर दुसरी जागा दिसली तर ती कुठल्या जीनमध्ये आहे ते उघडून बघा. नुसता स्कोअर बघून गाइड ऑर्डर करू नका. एचबीबीतच गाइड शोधून बघितलीत तर शेजारचा एचबीडी वरचेवर समोर येईल, दोघांची प्रोटीन १४६ पैकी दहाच जागी वेगळी आहेत.

पायरी ७: मग बिघडलेलं अक्षरच का नाही दुरुस्त केलं?

आता स्वतः उत्तर देता येईल. कॅस९ फक्त कापतं, अक्षर बदलत नाही. बरोबर नमुना देऊन दुरुस्ती करून घेता येते, पण रक्ताच्या मूळ पेशी त्या रस्त्याने कमी जातात, बऱ्याचशा घाईच्या जोडणीनेच भरून काढतात, आणि एचबीबीच्या मधोमध अशी जोडणी झाली तर बीटा साखळीच बंद पडायची, म्हणजे सिकल गेला आणि थॅलेसेमियासारखी अवस्था आली. एन्हान्सरच्या बाबतीत मात्र मोडणं हेच काम आहे, त्यामुळे ओबडधोबड जोडणी चालते.

बेस एडिटर न कापता एक अक्षर बदलतो, पण ए चं जी किंवा सी चं टी एवढंच. आपल्याला टी चं ए हवंय, ते त्याला जमत नाही. तरी एक वाट निघाली, समोरच्या स्ट्रँडवरच्या ए चं जी केलं की इकडे टी चं सी होतं, म्हणून जीटीजीचं जीसीजी करता येतं, म्हणजे व्हॅलिनच्या जागी अ‍ॅलनिन. असं हिमोग्लोबिन इंडोनेशियातल्या मकासारमध्ये आधीच सापडलंय आणि ते चिकटत नाही. डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०२१ मध्ये हे उंदरांत करून दाखवलं. थेट मूळ अक्षर आणायचं तर प्राइम एडिटिंग, हे कुठलंही अक्षर बदलू शकणारं वेगळं तंत्र.

पायरी ८: स्क्रीनवरून माणसापर्यंत

हे रुग्णांच्या घरच्या ताईदादांना समजावताना प्रामाणिकपणे सांगा. रुग्णाच्या मूळ पेशी रक्तातून गोळा करतात, लॅबमध्ये विजेच्या झटक्याने कॅस९ आणि गाइड आत घालतात, मग बुसल्फान या केमोने अस्थिमज्जा रिकामी करतात आणि एडिट केलेल्या पेशी परत देतात. त्यात आठवडे दवाखान्यात, इन्फेक्शनची भीती, मूल होण्याच्या क्षमतेवर परिणामाची शक्यता. १६ नोव्हेंबर २०२३ ला ब्रिटनने आणि ८ डिसेंबरला अमेरिकेने मंजुरी दिली तेव्हा चाचणीतल्या मोजण्याजोग्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग वर्षभर मोठा क्रायसिस (वेदनांचा झटका) आला नव्हता. किंमत अमेरिकेत २२ लाख डॉलर. नंदुरबारच्या पाड्यावरच्या घराला हा आकडा सांगून काय उपयोग, म्हणून दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेत देशी एडिटिंगवर जे काम चाललंय त्याकडे माझं फार लक्ष असतं. तोवर हातात आहे ते म्हणजे बाळाची लवकर तपासणी, पेनिसिलिन, लसी, हायड्रॉक्सियुरिया आणि लग्नाआधी दोघांचा पॅटर्न बघणं, कारण एएस-एएस जोडप्याला प्रत्येक गरोदरपणात एसएस मुलाची शक्यता २५ टक्के. कोणी 'भ्रूणातच एडिट करून देतो' म्हणालं तर सरळ नाही म्हणा, आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार भारतात ते निषिद्ध आहे.

एवढं झालं की वही बाजूला ठेवू नका, त्याच एचबीबीत पुढे सरका. पहिल्या एक्झॉननंतरचा इंट्रॉन जीटीटीजीजी असा सुरू होतो, त्यातल्या पाचव्या जागी जी चं सी झालं की जो बीटा थॅलेसेमिया होतो तो भारतात सगळ्यात जास्त आढळतो. इथे अमिनो अ‍ॅसिड एकही बदलत नाही, तरी प्रोटीन पुरेसं बनत नाही. स्प्लायसिंगचं (इंट्रॉन कापून एक्झॉन जोडण्याचं) चॅप्टर उघडून कारण शोधा, आणि मग बघा की सहाव्या पायरीतलं तेच गाइड या रुग्णालाही का चालतं.